सणाची गाडी

मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे एका लहान गावात एक माणूस राहत होता. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की लोक ती त्याच्याकडे आणत. तो जळकी तार काढायचा, नवी तांब्याची तार भरायचा, वॉर्निश लावून सुकवायचा आणि मोटार परत फिरती करून द्यायचा. त्याचं दुकान कोथरूडला होतं. सकाळी मोटरसायकलच्या मागे एक दुरुस्त झालेली मोटार बांधून तो निघायचा, आणि संध्याकाळी तिथेच एक जळकी मोटार बांधून परत यायचा. घरात म्हातारी आई होती, बायको होती, कॉलेजात जाणारी मुलगी होती. थोडी भातखाचरं होती, त्यात इंद्रायणी तांदूळ व्हायचा. पोटापुरता ठेवून उरलेला विकायचा.

गावावरच्या टेकडीवर शहरातल्या लोकांनी बंगले बांधले होते. त्यातल्या एका बंगल्यात एक निवृत्त साहेब एकटेच राहत. मुलं परदेशात होती. बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी उभी असे. मर्सिडीज. साहेबांनी ती १९९६ साली नवी कोरी घेतली होती. कंपनीनं आदल्याच वर्षी पिंपरीत टेल्कोच्या आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली होती. त्या काळात रस्त्यातून अशी गाडी गेली की पोरं धावत मागे जात. गंमत म्हणजे, आपल्याकडे हे मॉडेल नवं म्हणून आलं त्याच वर्षी तिकडे युरोपात त्याच्या जागी पुढचं मॉडेल आलं होतं. पण ते इथे कोणाला ठाऊक होतं?

साहेबांनी गाडी फार जपली. आधी ते ती फक्त रविवारी काढत. मग दिवाळी-दसऱ्याला काढू लागले. मग नुसती दसऱ्याला, तीही झेंडूचा हार घालण्यापुरती. उभ्या उभ्याच गाडी म्हातारी झाली. टायर खालून चपटे झाले. टाकीत डिझेलचा गाळ धरला. उंदरांनी बॉनेटखाली बाळंतपणं केली.

एकदा तो माणूस बंगल्यावरची मोटार बसवायला गेला. काम झाल्यावर त्यानं ताडपत्रीचं टोक उचलून पाहिलं. साहेब म्हणाले, "घेऊन जा ही. एका चांगल्या मोटरसायकलचे पैसे द्या. फक्त उभी ठेवू नका. मी तेवढंच केलं."

"नाही ठेवणार, साहेब," तो म्हणाला. तेव्हा त्याला ते अगदी सोपं वाटलं.

गाडी ट्रॅक्टरला बांधून गावात आली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं, बायकोनं कुंकवाचं स्वस्तिक काढलं. टाकी धुतली, नवी बॅटरी लावली, तारा जोडल्या, आणि अडीच लिटरचं पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन खोकत खोकत सुरू झालं. सगळ्या आळीत काळा धूर झाला.

या तालुक्यात अशी गाडी दारात आली की लोक एकच प्रश्न विचारतात, किती गुंठे गेले? हिंजवडी, माण, मारुंजी या भागात जमिनींना भाव आला, आणि कोणाच्या दारात काय उभं राहिलं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यावर २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' नावाचा सिनेमाही येऊन गेला. या माणसानं एक गुंठाही विकला नव्हता. पण चावडीवर जाता येता लोक वळून बघतात, हे त्याला आवडू लागलं. जो कधी कोणाच्या नजरेत भरला नव्हता, त्याला ते आवडणारच.

मित्र म्हणाले, "गाडी भारी आहे, पण जुनाट दिसते." मग त्यानं गाडी सजवायला घेतली.

आधी चाकं बदलली. मूळची १५ इंची चाकं काढून १७ इंची चकचकीत अलॉय घातली, त्यांवर पट्टीसारखे बारीक टायर चढवले. मग गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसावी म्हणून चारही स्प्रिंगा कापल्या. काचांना काळी फिल्म लावली. पुढच्या दिव्यांत पांढरेशुभ्र झगझगीत बल्ब घातले. सीटवर लाल रेक्झिन चढवलं. वर प्रेशर हॉर्न बसवला. एका उन्हाळ्याची सगळी कमाई त्यात गेली. विहिरी आटतात, मोटारी जळतात, म्हणून उन्हाळाच त्याचा कमाईचा.

गाडी खरोखर देखणी दिसायची. लग्नात उभी केली की लोक तिच्याशेजारी फोटो काढत. फक्त ती कुठे जात नसे. भूगावच्या गर्दीत गतिरोधक आला की पोट घासायचं. पिरंगुटच्या घाटातल्या खड्ड्यात एक रिम वाकली. डिकीत पंपाची मोटार ठेवली की मागची चाकं मडगार्डला घासायची. त्यामुळे तो कोथरूडला पुन्हा मोटरसायकलनंच जाऊ लागला. बायको बसनं जायची, मुलगी बसनं जायची. गाडी दारात ताडपत्रीखाली उभी राहायची. ताडपत्री त्यानं नवी घेतली होती.

आषाढ लागला. म्हातारीनं माहेरी जायचं काढलं. तिचं माहेर मुळशीच्या तलावाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीच्या वाटेवर. तिच्या आजोबांची खाचरं मात्र खाली होती, आता पाण्यात आहेत त्या जागी. टाटांचं धरण व्हायच्या वेळी, १९२१ साली, सेनापती बापटांबरोबर इथले मावळे सत्याग्रहाला बसले होते. तुरुंगात गेले, मार खाल्ला, आणि धरण झालंच. त्या पाण्यावर डोंगराखाली भिऱ्याला वीज होते. म्हातारीनं हे सगळं आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या रस्त्यानं जाताना ती नेहमी पाण्याकडे तोंड करून बसायची. बोलायची काही नाही.

त्यानं मोठ्या हौसेनं आईला गाडीत बसवलं. बसवलं म्हणजे जवळजवळ आत ढकललं, कारण सीट इतकी खाली गेली होती की तिचा गुडघा वाकेना. वाटेत पोलिसानं हात केला. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ सालीच काचेवरच्या फिल्मला मनाई केली होती. दंड भरला, पुढे निघाले. पाऊस असा लागला की समोरचं काही दिसेना. पांढरे दिवे धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येत होते. म्हातारी काळ्या काचेला नाक लावून बसली होती. तिला बाहेर फक्त अंधार दिसत होता.

माले गावाच्या पुढे रस्त्यात एक दगड पडला होता. दुसरी कुठलीही गाडी त्यावरून गेली असती. हिचा चेंबर फुटला. इंजिनचं सगळं तेल पावसाच्या पाण्यात वाहून गेलं.

आईला उतरवून त्यानं कठड्यावर बसवलं, डोक्यावर इरलं धरावं तशी ताडपत्री धरली. तो चिडला होता, लाजला होता. पाऊस थोडा उघडला, आणि खाली तलाव दिसला.

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. "पाणी तरी दिसलं."

टेम्पोवर चढवून गाडी घोटवडे फाट्याजवळच्या एका मिस्त्रीकडे आणली. पत्र्याची शेड, समोर चिखल. मिस्त्री वयस्क होता, आयुष्यभर पुण्यात जर्मन गाड्यांवर काम करून आता गावाकडे आला होता. भिंतीला खिळ्यावर स्प्रिंगांचे कापलेले वेढे अडकवलेले होते. ते कोणी कोणी सोडून गेलेले होते.

त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मोटारी भरतोस ना तू?"

"व्हय, मामा."

"जळकी मोटार आली की पहिलं काय करतोस?"

"जुने वेढे मोजतो. तारेचा गेज बघतो. मग तार काढतो."

"का? सरळ आपल्या मनानं भरायची. जाड तार घालायची, चार वेढे जास्त मारायचे."

"तसं केलं तर मोटार चालायची नाही, मामा. किंवा चालंल आन् जळंल."

"मग हिचे वेढे मोजलेस का?"

त्याला उत्तर देता आलं नाही. मिस्त्रीनंही उत्तराची वाट पाहिली नाही. तो म्हणाला, "उद्या ये. येताना या गाडीत जे कोण बसणार आहेत त्यांना सगळ्यांना घेऊन ये. डिकीत जे ठेवणार तेही आण. बघणाऱ्यांना आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी आई, बायको, मुलगी अशी सगळी रिक्षानं आली. बरोबर तांदळाचं पोतं आणि पंपाच्या दोन मोटारी. मिस्त्रीनं सगळ्यांना गाडीत बसवलं, ओझं डिकीत चढवलं, आणि खाली वाकून चाक आणि मडगार्ड यांच्यामधलं अंतर बोटांनी मोजलं. पुढे दोन बोटं होती. मागे करंगळी जाईना. मग त्यानं म्हातारीला विचारलं, "आजी, बसताना कुठं दुखतं?" तिनं गुडघा दाखवला, कंबर दाखवली. तो मान हलवत राहिला. डॉक्टरनं विचारावं इतकं त्यानं विचारलं, आणि खडूनं शेडच्या पत्र्यावर लिहून ठेवलं.

मालकाला वाटलं, आता हा गाडी जीपसारखी उंच करणार. तो तसं म्हणालाही. मिस्त्रीनं हात झटकला.

"ते करायचं नाही. कंपनीनं जे लिहून दिलंय त्याच्या बाहेर गाडी न्यायची नाही, कायद्यात कलम ५२ आहे. आणि गरजही नाही. ज्यांनी ही बनवली त्यांना ठाऊक होतं की कोणी हिच्यात ओझं भरेल, कोणी भरणार नाही. त्यांनी सोय ठेवली आहे. आपण बघत नाही."

त्यानं फळीवरून रबराच्या चार जाड चकत्या काढल्या. या गाडीच्या स्प्रिंगेच्या डोक्यावर अशी एक चकती बसते. ती चार जाडींत येते, सगळ्यांत पातळ ८ मिलिमीटर आणि सगळ्यांत जाड २३. ओळखायला कडेला रबराचेच उंचवटे असतात. एक उंचवटा म्हणजे पातळ, चार म्हणजे जाड. कारखान्यातच गाडीच्या वजनाप्रमाणे कुठली घालायची ते ठरायचं. पुढच्या बाजूला स्प्रिंग चाकापासून आत, आडव्या दांड्यावर बसते, म्हणून रबर जेवढं जाड होतं त्याच्याहून गाडी जास्त उचलली जाते. साहेबांच्या गाडीला पातळ चकत्या होत्या. साहेब एकटेच बसत.

कापलेल्या स्प्रिंगा पुन्हा वाढवता येत नाहीत. मिस्त्रीनं पुण्यात भंगारात निघालेल्या त्याच जातीच्या एका गाडीच्या अख्ख्या स्प्रिंगा मिळवल्या, त्यांवर जाड चकत्या चढवल्या. १७ इंची चाकं गेली, मूळची १५ इंची आली. ती गोठ्यात शेणाच्या पाट्यांखाली पडली होती, घासून धुवावी लागली. त्यांवर १९५-६५ मापाचे टायर बसले. ते माप आजही कुठल्याही टायरवाल्याकडे मिळतं, याचं मुलीला मोठं आश्चर्य वाटलं. मर्सिडीजचं सगळं विमानानं येतं असं तिला वाटायचं.

चेंबर नवा आला, त्याखाली लोखंडी पत्रा बसला. काळी फिल्म रॉकेल लावून खरवडली. दिव्यांत साधे पिवळे बल्ब आले. त्यांच्या वायरी उंदरांनी कुरतडून अर्ध्या केल्या होत्या. त्या मालकानं स्वतः बदलल्या, जाड तांब्याच्या घातल्या, आणि त्याच बल्बांचा उजेड वाढला. सीटवरचं रेक्झिन फाडलं तर आत शाबूत स्प्रिंगा आणि वर दाबून बसवलेली घट्ट गादी निघाली. म्हातारी त्यावर बसून पाहून म्हणाली, "हे बरं होतं की. झाकलं कशाला?"

गाडीच्या समोरच्या काचेला एकच वायपर होता. मालकाला ते कमीपणाचं वाटायचं, दोन बसवता येतील का असं त्यानं मागे विचारलंही होतं. तो एकटा वायपर नुसता अर्धगोल फिरत नाही. फिरता फिरता लांब होतो, कोपऱ्यापर्यंत पोचतो, आखडतो, पुन्हा लांब होतो. आतलं ग्रीस वाळल्यानं तो आखडूनच बसला होता. मिस्त्रीनं त्याची पेटी उघडून धुतली, नवं ग्रीस भरलं. वायपर लांब हात टाकू लागला.

नवीन अशी एकच वस्तू गाडीत आली, मुलीच्या फोनला चार्जिंगची सोय.

काम संपलं तेव्हा मिस्त्री पाटावर बसून चहा पीत होता. मालक म्हणाला, "मामा, एवढी मोठी गाडी रोज चालवायची जरा भीतीच वाटते. सणाची वस्तू."

मिस्त्री हसला. "जर्मनीत ही टॅक्सी होती. हस्तिदंती रंगाची. रात्रंदिवस पळायची, लाखो किलोमीटर. स्टँडवर रांगेत उभी राहायची, आपल्या रिक्षा राहतात तशी. ही रोजचीच गाडी, पोरा. सणाची आपण केली."

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. ती तारीख पावसाळ्यातच आली. तपासणीला गाडी उभी केली. निरीक्षकानं चाकं पाहिली, काच पाहिली, दिवे लावून पाहिले, वाकून खाली पाहिलं. त्याला विचारण्यासारखं काही सापडलं नाही. फक्त जाताना त्यानं विचारलं, "विकणार का?"

तेव्हापासून गाडी रोज निघू लागली. डिकीत दोन मोटारी, पुढे मालक, शेजारी बायको, मागे मुलगी. पौडच्या स्टँडवर कोणी ओळखीचं उभं असलं की तेही आत. गाडीला वॉर्निशचा वास लागला. दारावर मोटारीच्या कोपऱ्याचा एक लांब ओरखडा उठला, भूगावच्या गर्दीत मागून एका टेम्पोनं बंपरला चेपलं, आणि मालकानं दोन्ही तसंच राहू दिलं. सणासुदीला तो ती धुवायचा, बाकी पावसावर सोपवायचा. लोक आता वळून बघत नसत. हात करत.

म्हातारी माहेरी जाऊन आली. या वेळी ती स्वतः पाय टाकून बसली. ताम्हिणीच्या पावसात एकटा वायपर कोपऱ्यापर्यंत जात होता, आणि ती मागच्या सीटवरून बघत होती. "एकटाच आहे," ती म्हणाली, "पण कोपरा सोडत नाही." तलाव येईपर्यंत ती एवढंच बोलली.

ही गोष्ट मी सांगतो तेव्हा लोक खर्चाचं विचारतात. खर्च दोन्ही वेळा झाला, जवळपास सारखाच. पहिल्या वेळी तो रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला विचारून केला, दुसऱ्या वेळी आत बसणाऱ्या म्हातारीला विचारून. साहेबांची चूक आणि या माणसाची चूक दिसायला उलट होती, एकानं गाडीला हात लावला नाही आणि दुसऱ्यानं हात आवरला नाही. पण दोघांनीही तिची किंमत पाहिली आणि तिचं काम पाहिलं नाही, म्हणून दोघांच्याही दारात ती ताडपत्रीखालीच राहिली. महाग वस्तू आपण सणासाठी राखून ठेवतो, आणि सणाला माणसं बघायला येतात. मग वस्तूही हळूहळू बघणाऱ्यांची होते.

मार्गशीर्षात गावात एक मोठं लग्न निघालं. मुलाचा बाप घरी आला. वरातीला मर्सिडीज पाहिजे म्हणाला, हार-तुरे आम्ही आमचे घालू, वाजंत्री आहे, ड्रोन आहे. त्यानं दारातली गाडी नीट पाहिली. ओरखडा पाहिला, चेपलेला बंपर पाहिला, डिकीतून येणारा वॉर्निशचा वास घेतला आणि जरा घुटमळला. मग म्हणाला, "चालंल. रात्रीचं कोण बघतंय. भाडं काय घेणार?"

"भाडं नको," गाडीचा मालक म्हणाला. "डिझेल टाका. आन् सकाळी सातला परत आणून लावा. मला दोन मोटारी पोचवायच्यात."